बुधवारी हात मागे

रेकॉर्ड सेक्शनमध्ये चौतीस वर्षं काढली, त्यात एक गोष्ट कळली. फायली कोणी साठवत नाही, त्या साठतात. एक कागद दुसऱ्याला टेकतो, त्यावर तिसरा येऊन पडतो आणि एके दिवशी कपाटाचं दार लागेनासं होतं. किस्स्यांचंही तसंच. मरोळच्या आर्ट गॅलरीत मी जायला लागलो त्याला आता चार वर्षं होतील. हल्ली चहाच्या वेळी मी तोंड उघडलं की बायको आधीच सांगते, "गॅलरीतलं असेल तर थोडक्यात." थोडक्यात जमत नाही, म्हणून लिहून काढतोय.

आधी गॅलरीबद्दल. मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पहिल्या मजल्यावर एक मोठा गाळा आहे. तिथे पूर्वी छत्रीच्या काड्या बनायच्या. मालकांनी मशिनं विकली, भिंती पांढऱ्या केल्या, एसी बसवला आणि चित्रं लावली. मालकांना आम्ही साहेब म्हणतो. शेजारच्या गाळ्यात अजून पॅकिंगची खोकी बनतात. तिथले कामगार जेवणाच्या सुट्टीत आमच्या काचेच्या दारातून आत बघतात आणि एसी किती टनांचा असेल यावर वाद घालतात.

या गॅलरीत एक शिक्षण विभाग आहे. म्हणजे ऋजुता. मुलुंडची मुलगी, तिशीच्या आतली. तिकडच्या एका शाळेतली कायमची नोकरी सोडून वर्षावर्षाच्या करारावर इथे आलेली. दर बुधवारी एका शाळेची मुलं आणायची, त्यांना चित्रं दाखवायची आणि बोलतं करायचं, हे तिचं काम. तिच्या आईने मला एकदा फोनवर विचारलं, "ती तिथे नक्की शिकवते काय हो?" मी म्हटलं, "बघायला." आई म्हणाल्या, "आणि हे कायमचं आहे का?"

ते कायमचं नव्हतं. साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, "ज्या दिवशी एका चित्राला एक बोट लागेल, त्या दिवसापासून बुधवार बंद." बुधवार बंद म्हणजे शिक्षण विभाग बंद, आणि शिक्षण विभाग बंद म्हणजे ऋजुता घरी. त्यामुळे आम्ही तिघं, म्हणजे ऋजुता, मी आणि दारावरचे सावंत, त्या एका बोटाच्या भीतीत दिवस काढत होतो. मी तसा मानद. कागदपत्रं सांभाळायला कोणीतरी हवं म्हणून ऋजुताने मला वाचनालयातून उचलून आणलेलं. पण मानद माणसाला भीती काही कमी वाटत नाही.

*

शाळांना बोलावणं करायचं काम माझ्याकडे. पहिला फोन अंधेरीच्या एका शाळेला केला. "आर्ट गॅलरीतून बोलतोय," एवढंच म्हणालो, तर मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "आमच्या कुठल्या मुलाने काय केलं?"

कोणी काही केलेलं नाही, नुसतं बघायला या, हे पटवण्यात दोन आठवडे गेले. मग त्यांचं पत्र आलं. 'भेटीदरम्यान मुलांना काही झाल्यास गॅलरी जबाबदार राहील, तरी सही करून पाठवावे.' साहेबांनीही एक पत्र पाठवलं. 'भेटीदरम्यान चित्रांना काही झाल्यास शाळा जबाबदार राहील, तरी सही करून पाठवावे.' दोन्ही पत्रं सह्या होऊन माझ्या टेबलावर आली. दोन घाबरलेल्या पक्षांमधला इतका चोख करार मी सबंध नोकरीत पाहिला नव्हता.

बुधवारी मुलं आली. चाळीस मुलं, एका रांगेत, सगळ्यांचे दोन्ही हात पाठीमागे, एका हाताने दुसऱ्याचं मनगट धरलेलं. बाईंनी त्यांना शाळेपासून तशीच आणली होती. बसमध्ये ब्रेक लागला तेव्हा दोघं पडले, पण हात सोडले नाहीत, असं बाईंनी अभिमानाने सांगितलं. सावंत मालवणकडचे, वडील गिरणीत होते, आता राहायला भांडुपला. ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "काका, कोर्टात नेतत तेव्हा असां नेतत."

ऋजुता मुलांना म्हणाली, "हात सोडा रे. बोट दाखवून सांगा, कुठला रंग आवडला?"

"हात मागे, डोळे पुढे," बाई म्हणाल्या.

मुलांनी मधला मार्ग काढला. ती हनुवटीने रंग दाखवायला लागली. वीस-पंचवीस मिनिटं अशी गेली. मग मागच्या रांगेतून एक बारीक आवाज आला, "बाई, नाक खाजवू?"

बाईंनी ऋजुताकडे बघितलं. ऋजुताने माझ्याकडे. मी सावंतांकडे. सावंतांनी नाक आणि चित्र यांच्यातलं अंतर डोळ्यांनी मोजलं आणि म्हणाले, "खाजव. पन एकाच हातान."

*

एवढी भीती नुसती तोंडी बाळगणं माझ्या स्वभावात नाही. मी एक तक्ता तयार केला. प्रत्येक चित्रापुढे दोन रकाने, 'आधी' आणि 'नंतर'. मंगळवारी संध्याकाळी गॅलरी बंद करताना मी आणि सावंत टॉर्च घेऊन एकेका चित्रासमोर उभे राहायचो आणि जे दिसेल ते 'आधी'मध्ये लिहायचो. बुधवारी मुलं गेली की 'नंतर'. काही नसेल तर 'निरंक'. मागाहून एखाद्या मुलावर आळ यायला नको, म्हणून 'आधी'मध्ये मी बारीकसारीक काही सोडत नसे.

त्या वेळी हरेश्वर नावाच्या चित्रकाराचं प्रदर्शन लागलं होतं. खारदांड्याचे कोळी गृहस्थ, साठी ओलांडलेले, बोलायला फटकळ. त्यांच्या एका चित्राबद्दल मी लिहिलं होतं, 'वरच्या बाजूस ओरखडे सात. मध्यभागी रंग ओघळलेला. उजवीकडे काम अर्धवट सोडलेले दिसते.'

हा कागद त्यांच्या हाती लागला. कसा लागला, ते सावंत आजतागायत सांगत नाहीत.

"हे कोणी लिहिलं?"

मी खुर्चीतून उठलो.

"कारकून काय तुम्ही?"

"निवृत्त."

"मग ऐका. माझ्या चित्रात चुकून पडलेला एक डाग नाही. जो दिसेल तो मी पाडलाय. तुम्हाला चित्रातलं काही कळत नाही. पुढच्या वेळी विचारून लिहा."

ऋजुता मध्ये पडली. विषय बदलावा म्हणून तिने त्यांना एखाद्या बुधवारी मुलांशी बोलायला बोलावलं.

"नको," ते म्हणाले. "चौथीत असताना आम्हाला शाळेने नेलं होतं, असंच चित्रं बघायला. मी पहाटे आईबरोबर बोंबील वाळत घालून तसाच गेलो होतो. दारावरच्याने माझे हात हुंगले आणि मला बाहेर बसवलं. बाकीची पोरं बघून आली. काय बघितलं विचारलं, तर एकालाही सांगता येईना." आणि ते हसले. आम्ही कोणी हसलो नाही. सावंतांनी आपले दोन्ही हात खिशात घातले.

जाता जाता ते परत माझ्या टेबलाशी आले. तक्ता ओढून घेतला, माझंच पेन उचललं, 'ओरखडे सात' मधलं 'सात' खोडलं आणि वर 'आठ' लिहिलं.

"एक सुटला होता तुमचा."

*

शाळा येऊ लागल्या, तसं ऋजुताच्या मनात आलं की आसपासच्या वस्त्यांमधल्या लोकांनीही यावं. जोगेश्वरीच्या लेण्यांच्या बाजूला एक वस्ती आहे. तिथल्या बायकांच्या बचतगटाला तिने एका गुरुवारी दुपारी बोलावलं. गटाच्या प्रमुख छायाताई, मूळच्या बीडकडच्या, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला. लॅबमध्ये दिवसभर लोकांचं रक्त काढणारी बाई कशाला घाबरणार, असा माझा समज.

नऊ बायका आल्या. काचेच्या दाराबाहेर त्यांनी चपला काढल्या, एकीला एक लावून ठेवल्या. आत पांढऱ्या भिंती. गार हवा. तीन-चार प्रेक्षक होते, ते मान खाली घालून भिंतीवरच्या चिठ्ठ्या वाचत होते आणि एकमेकांशी कुजबुजत होते. बायका पदर, ओढण्या सावरून भिंतीपासून हातभर अंतरावर ओळीने उभ्या राहिल्या. कोणी पुढे होईना.

ऋजुता गेली. "या ना, आत या."

छायाताईंनी तिचा हात हातात घेतला. हलकेच दाबला आणि खालच्या आवाजात विचारलं, "कधी झालं?"

"काय कधी झालं?"

"अगं, कोण गेलं? सगळे असे उभे आहेत, म्हणून विचारते."

मग हसणं झालं, बायका पोटभर बोलल्या, चहा झाला. "आमच्याकडच्या लेण्यांत कोणी आम्हाला हळू बोला म्हणत नाही," असं छायाताई जाताना सुनावूनही गेल्या. पण महिन्याच्या अहवालात त्या दिवसाबद्दल साहेबांना काय लिहायचं, हा प्रश्न उरला. ऋजुता पेन चावत बसली. शेवटी मीच मजकूर सांगितला.

'महिला प्रेक्षकांनी गॅलरीतील वातावरणाबद्दल सहवेदना व्यक्त केल्या.'

*

लोक आत यायला घाबरतात, तर आपण त्यांच्याकडे जाऊ, असं मग ठरलं. छायाताईंनी वस्तीतलं समाजमंदिर मिळवून दिलं. एका रविवारी सकाळी आम्ही कागद, खडू आणि स्केचपेनं घेऊन पोचलो. कार्यक्रम मुलांसाठी. विषय, 'माझं घर'.

मुलं आली पंधरा-वीस. त्यांच्या मागे मोठी माणसं आली, ती मात्र दारापर्यंत भरली. प्रत्येकाच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत रेशनकार्ड, लाइटबिल आणि मतदारयादीच्या पानाची झेरॉक्स.

चूक माझी होती. मी सवयीने दाराशी टेबल लावलं होतं, टेबलावर रजिस्टर, नाकावर चष्मा. माझा चेहराच असा आहे की मी टेबलामागे बसलो की लोक झेरॉक्स काढून आणतात. त्या वस्तीत पुनर्विकासाच्या गोष्टी बरीच वर्षं चालल्या होत्या. घर राहणार की जाणार, कोणालाच माहीत नव्हतं.

एक गृहस्थ वाकून हळूच म्हणाले, "साहेब, पोटमाळा धरणार का?"

मला वाटलं, चित्रातलं विचारतायत. मी म्हटलं, "धरा की."

पाच मिनिटांत सगळ्या चित्रांत पोटमाळे आले. मग मोऱ्या आल्या. मग बाहेरचा ओटा, त्याची लांबी-रुंदी फुटांत. एका लहान मुलीने घरावर छान आभाळ रंगवायला घेतलं होतं. तिच्या बापाने हात धरला. "ते आपल्या नावावर नाही. आधी मोरी काढ."

एक म्हाताऱ्या बाई कोरा कागद मांडीवर घेऊन बसल्या होत्या. ऋजुता त्यांच्यापाशी बसली. "मावशी, काढा ना काहीतरी."

"मागे एकदा मोजून नेलं होतं," त्या म्हणाल्या. "मग पाडायला आले. आता तू चित्र काढून नेणार. त्याच्यानंतर कोण येणार ते सांग, म्हणजे काढते."

साहेबांना ती चित्रं गॅलरीत लावायची होती. ऋजुताने ठरवलं, न्यायची नाहीत. जाताना एकेकाला हाक मारून ज्याचं चित्र त्याला परत दिलं.

तर इतका वेळ हसतीखेळती माणसं कागदाकडे बघत राहिली. मघाचे पोटमाळ्याचे गृहस्थ पुढे आले.

"साहेब, नामंजूर झालं काय?"

मला प्रत्येक चित्राच्या मागे 'पाहिले' असं लिहून सही करावी लागली, तेव्हा कुठे हॉल रिकामा झाला. त्यातलं एक चित्र फ्रेम करून लाइटच्या मीटरशेजारी लावलंय, असं छायाताई सांगतात. सहीची बाजू वर.

*

घाटकोपरहून एकदा अंध मुलींची शाळा आली. बारा मुली. त्यांना एरवी हातांनी दाखवतात. आमच्याकडे हात लावायचा नाही. ऋजुताने आठवडाभर तयारी केली होती, शब्दांनी चित्र कसं दाखवायचं याची, आणि नेमका बुधवारी तिचा घसा बसला. तिने वहीत मोठ्या अक्षरांत लिहून मला दाखवलं, 'काका, तुम्ही.'

समोर हरेश्वरांचं निळं चित्र होतं. साहेबांचं सर्वांत लाडकं आणि आम्हा तिघांचं सर्वांत नावडतं. कारण ते कपड्यांना घालायच्या निळीने केलेलं होतं. साधी नीळ, पातळ डिंकात बसवलेली. बोट लागलं की बोट निळं आणि चित्र पांढरं. पुढे दोरी बांधली होती, पण दोरी मोठ्या माणसांच्या कमरेला येते. मुलं तिच्याखालून जातात.

मी घसा साफ केला आणि जे येत होतं ते केलं. "चित्र एक. लांबी सहा फूट, उंची चार. दक्षिणेकडील भिंतीवर टांगलेले. रंग निळा. खालच्या बाजूस निळा, वरच्या बाजूस जास्त निळा. उजवीकडे एक रेघ, ती होडी असण्याची शक्यता नाकारता येत नाही. माणसे आढळली नाहीत. मागील बाजूस चित्रकाराची सही व गेल्या वर्षाची तारीख."

मुली लक्ष देऊन ऐकत होत्या. एकीने हात वर केला. बारा-तेरा वर्षांची असेल.

"काका, सगळं कळलं. पण चोरीला काय गेलंय?"

सगळ्या हसल्या. ऋजुता आवाज नसताना हसली, ते बघण्यासारखं होतं. मीही हसलो. हसणं ओसरल्यावर तीच मुलगी म्हणाली, "आणि तुम्ही चित्राला घाबरता का? तुमचा आवाज प्रत्येक वाक्याला एकेक पाऊल मागे जातोय."

मी वळून बघितलं. पाठीमागची भिंत माझ्यापासून वीतभर राहिली होती.

*

आणि मग तो बुधवार.

जोगेश्वरीची शाळा, चौथीचा वर्ग, पुन्हा चाळीस मुलं. सावंत दारावर. निळ्या चित्रापाशी उभं राहायचं काम माझं. मुलं त्याच्यासमोर अर्ध्या गोलात बसली होती आणि ऋजुता विचारत होती, "हे निळं कुठलं असेल?"

"पाण्याच्या टाकीचं."

"ताडपत्रीचं."

"माझ्या पप्पांच्या युनिफॉर्मचं."

तेवढ्यात माझा फोन वाजला. साहेब. त्यांचा फोन उचलला नाही तर ते काहीतरी घडलंय असं धरतात, आणि उचलला तर काय घडलंय असं विचारतात. मी दोन पावलं बाजूला झालो आणि भिंतीकडे तोंड केलं.

"सगळं ठीक?"

"सगळं ठीक आहे, साहेब."

"मी खालीच आहे. येतोय वर."

मी वळलो. चित्राच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात पाच बोटं होती. एक अख्खा पंजा. निळीच्या जागी खालचा पांढरा कॅनव्हास दिसत होता.

मुलांकडे बघितलं. एकोणचाळीस मुलं चित्राकडे बघत होती आणि एक मुलगी माझ्याकडे. कडेला बसलेली, दोन वेण्या, उजवी मूठ घट्ट मिटलेली. ऋजुताने तिच्याकडे बघितलं, मग चित्राकडे, मग माझ्याकडे. कालच्या तारखेला 'आधी'च्या रकान्यात काय लिहिलंय, हे आम्हा दोघांनाही पाठ होतं.

काचेचं दार उघडलं. साहेब खुशीत होते. हातात चॉकलेटांचा डबा.

"चला मुलांनो, हात पुढे करा."

चाळीस हात पुढे झाले. त्यातले एकोणचाळीस उजवे.

"श्रावणी," वर्गाच्या बाई म्हणाल्या, "उजवा हात. साहेबांकडून डाव्या हाताने घेतात का?"

श्रावणीने मूठ आणखी आवळली. साहेब डबा धरून थांबले.

"उजवा हात, श्रावणी. ऐकू येत नाही का?"

ऋजुता पुढे झाली. तिने ती मूठ आपल्या दोन्ही हातांत घेतली. "बाई, तिचं बोट दुखावलंय. डावाच असू दे."

"असू दे, असू दे," साहेब म्हणाले आणि डाव्या हातावर चॉकलेट ठेवलं. एक जास्तच ठेवलं.

मुलं रांगेने जिना उतरली. ऋजुता जिथे होती तिथेच उभी राहिली. दोन्ही हात पाठीमागे, एका हाताने दुसऱ्याचं मनगट धरलेलं. सावंतांना दारातून तिची पाठ दिसत होती, आणि पाठीमागे धरलेले निळे तळवेही. ते आले आणि तिच्या मागे आडोसा करून उभे राहिले.

साहेब जायच्या आधी एकदा निळ्या चित्रासमोर थांबतात. त्याही दिवशी थांबले. मग म्हणाले, "तक्ता आणा."

माझं टेबल तिथून बारा पावलांवर आहे. 'निरंक' या शब्दापुढे रकान्यात बरीच जागा शिल्लक होती. नोकरीत मी मागची तारीख घालून एक ओळ लिहिलेली नाही. त्या दिवशी पेनाचं टोपण काढलं होतं, हे कबूल करतो. मग परत लावलं.

"वाचा."

"निळे चित्र. आधी, निरंक."

साहेब ऋजुताकडे वळले. "आपलं काय ठरलं होतं?"

"बुधवार बंद," ऋजुता म्हणाली. हात मागेच होते.

"आधी चित्रकाराची माफी मागू दे मला." साहेबांनी फोन स्पीकरवर टाकला. पलीकडे कोंबडा ओरडत होता, बायका कशावरून तरी भांडत होत्या, आणि मग हरेश्वरांचा आवाज आला.

"बोला."

"हरेश्वरजी, फार वाईट बातमी आहे. तुमच्या निळ्या चित्रावर हाताचा ठसा उमटलाय. मी अत्यंत..."

"कुठे?"

"खाली. डाव्या कोपऱ्यात."

"बोटं किती?"

साहेबांनी मोजली. त्यांनी खरोखर मोजली. "पाच."

"मग बरोबर आहे. ती माझीच."

ऋजुताने मान वर केली. साहेबांनी माझ्या हातातला तक्ता ओढून घेतला. "अहो, पण आमच्याकडे नोंद आहे. काल संध्याकाळपर्यंत निरंक."

"नोंद त्या कारकुनाची ना? त्याला माझ्या चित्रातलं काही कळत नाही, हे मी त्याच्या तोंडावर सांगितलंय. मागे ओरखडा सुटला होता, आता पंजा सुटला."

इतका सुखाचा अपमान माझा आजवर कोणी केलेला नाही.

साहेब खाली वाकले. त्यांनी आपला पंजा ठशासमोर धरला, न टेकवता. ठसा त्यांच्या तीन बोटांमागे झाकला गेला.

"हरेश्वरजी, हा लहान मुलाचा हात आहे."

"असणारच. तेव्हा मी लहान होतो."

फोन बंद झाला. साहेब वाकलेलेच राहिले. मग ते उठले, गुडघा चोळला, चॉकलेटांचा रिकामा डबा काखेत मारला आणि दाराकडे निघाले.

"नोंद करा," मला म्हणाले.

"साहेब, कुठल्या रकान्यात? 'आधी' की 'नंतर'?"

ते दारात थांबले. ऋजुताकडे बघितलं, तिच्यामागे उभ्या असलेल्या सावंतांकडे बघितलं.

"पुढच्या बुधवारच्या तक्त्यात," ते म्हणाले. "'आधी'मध्ये."